वरची साखर

या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी कोणाशी खोटं बोललेलं नव्हतं. घराण्याच्या सचोटीचा हा दाखला थोरला कोणालाही ऐकवत असे, अगदी शिळा पाव परत करायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा. त्यात चूक काही नव्हती. खोटं बोलायची वेळ येण्यासाठी आधी कोणीतरी काहीतरी विचारायला हवं, आणि या घरात कोणी कोणाला काही विचारत नसे. परस्पर ठरवून टाकत.

तेव्हा बाबांची साखर वाढली कशी, हेही कोणी विचारलं नाही. ती धाकट्या सुनेने वाढवली असं ठरलं, आणि आता ते तिला सांगायचं तेवढं बाकी होतं. त्यासाठी रविवारी दुपारी बेकरीचं शटर अर्धं खाली ओढून सगळ्यांना बोलावलं होतं.

बैठक भरली ती पीठ मळायच्या लांब टेबलाभोवती. काकांची वाटणी याच टेबलावर झाली होती आणि ताईचं लग्नही इथेच ठरलं होतं. यात परंपरा वगैरे काही नव्हती, सगळे एकदम बसतील एवढी दुसरी जागाच घरात नव्हती. तोटा इतकाच की हे टेबल कितीही पुसलं तरी फटींत पीठ उरतं, आणि कोणी तावातावाने कोपर आपटलं की उडून समोरच्याच्या तोंडावर बसतं. थोरल्याने आज कोपराखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. ते पाहून धाकटी मनात म्हणाली, म्हणजे कोपर आपटायचं आधीच ठरवून आलेत.

टेबलाच्या टोकाला बाबा. त्यांच्या शेजारी आई, पदराने उगाच टेबल पुसत. पलीकडे ताई आणि तिचा नवरा, ज्यांना या घरात जावई कमी आणि डॉक्टर जास्त म्हणत. थोरला मधोमध. त्याने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या संसारात लक्ष घालायला त्याला सवड असे. धाकटीचा नवरा भट्टीला पाठ लावून उभा होता. बसलेला माणूस कोणाच्या तरी बाजूला बसतो, उभा माणूस नुसता उभा असतो, हे तो लहानपणीच शिकला होता.

"विषय नाजूक आहे," थोरल्याने सुरुवात केली. "उन्हाळ्याच्या तोंडाला डॉक्टरांनी सांगितलं, बाबांची वरून घातलेली साखर पूर्ण बंद. आपण ती त्याच दिवशी बंद केली. बनावरची साखर सुरीने खरवडून मगच बन बाबांच्या पुढे जातो. टोस्टवर भुरभुरवत नाही. बिस्किटं झटकून देतो. चहात चिमूटभर नाही. बरोबर?"

"अगदी बरोबर," आई म्हणाली. "मी तर त्यांच्या खोलीतली साखरेची बरणीसुद्धा वर फळीवर टाकली."

"आणि तरी आकडा चढला."

"चांगलाच चढला," डॉक्टर म्हणाले. "असाच राहिला तर डोळ्यांवर येईल, पायांवर येईल. मी घाबरवत नाहीये."

"घाबरवताय की," आई म्हणाली.

"याचा अर्थ एकच," थोरला म्हणाला. "घरातलं कोणीतरी बाबांना चोरून साखर देतंय. मी नाव घेत नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. टेबलाभोवतीच्या एकाही माणसाने धाकटीकडे पाहिलं नाही. या माणसांची एवढी एकजूट तिने लग्न झाल्यापासून पाहिली नव्हती.

"घ्या की नाव," ती म्हणाली. "माझ्यासाठी कशाला अडलंय?"

"काउंटरपाशी मुंग्या आहेत," थोरला म्हणाला.

हा पुरावा. धाकटीला वाटलं हसावं. काउंटर तिचं होतं. दुकानाच्या दर्शनी भागात, जिथे मोडकं यंत्र आणि रिकामी पिंपं पडून असत, तिथे तिने शेगडी ठेवून चहा-कॉफी सुरू केली होती. सुरुवातीला घरच्यांनी त्याला "हिचा खेळ" म्हटलं. मग पाव घेऊन तरातरा निघून जाणारी गिऱ्हाइकं थांबायला लागली, कोपर टेकून बोलायला लागली, आणि बोलता बोलता अजून एक केक बांधून न्यायला लागली. तेव्हा घरच्यांनी काही म्हणायचं बंद केलं. त्या चार फळ्यांच्या मागे उभी असताना ती कोणाची सून नसे, कोणाची बायको नसे. कॉफीवाल्या बाई असे. दिवसभरात तेवढेच तास तिला कोणी "अगं" म्हणत नसे.

"मुंग्या भट्टीपाशीपण आहेत, भाऊजी."

"त्या पूर्वीपासून आहेत."

"म्हणजे त्या घरच्या. माझ्या तेवढ्या बाहेरच्या."

भट्टीपाशी तिचा नवरा खोकला. त्यात होकार होता की नकार, हे कळायला मार्ग नव्हता.

"हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस," ताई गोड आवाजात म्हणाली. ताईचा आवाज गोड झाला की समोरच्याने सावध व्हावं, असं आईसुद्धा म्हणत असे. "बाबा रोज सकाळी तुझ्याकडे येऊन बसतात. मागत असतील. तुझं मन पडलं मऊ. कोणी तुला दोष देत नाहीये."

"मग शटर कशाला ओढलंय?"

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने चष्मा पुसायला घेतला.

"उपाय साधा आहे," थोरला म्हणाला. "काउंटर बंद. बाबांना मोह नको आणि तुलाही त्रास नको. तिथे केकचा काचेचा फ्रीज बसतो. मी मापं घेतलीत."

"कधी घेतलीत?"

"काय?"

"मापं. बाबांची साखर वाढल्याचं परवा कळलं. मापं कधीची आहेत?"

थोरल्याने वर्तमानपत्राची घडी सरळ केली. या घरात पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी विचारलं होतं, आणि उत्तर कसं देतात ते त्याला ठाऊक नव्हतं.

"विषय तो नाही," तो म्हणाला.

"विषय तोच आहे. पण राहू दे." धाकटीने दोन्ही तळहात टेबलावर टेकले. पीठ लागलं तरी उचलले नाहीत. "बाबांना मी रोज काय देते, ते सगळ्यांसमोर सांगते. एक कप कॉफी. साखर घालत नाही. कधीच घातली नाही. बाबा, तुम्ही सांगा."

"साखर नसते," बाबा म्हणाले. आतापर्यंत ते आपल्याविषयीचं बोलणं दुसऱ्याच कोणाविषयी असावं तसं ऐकत होते. "कॉफी उत्तम असते. घट्ट."

"घट्ट कशाने?" डॉक्टरांनी विचारलं.

"डब्यातलं दूध घालते," धाकटी म्हणाली. "आटवलेलं. त्याने चव येते."

"अहो, त्या दुधात जवळजवळ निम्मी साखर असते."

"असेल. ती डब्यात असते. मी वरून काही घालत नाही."

"सापडलं," थोरला म्हणाला, आणि त्याचं कोपर वर्तमानपत्रावर आपटलं. वर्तमानपत्र असूनही पीठ उडालं.

 घट्ट दुधात साखर असते हे धाकटीला माहीत नव्हतं असं नाही. डब्यातली साखर कोणी पथ्यात धरतं, हे मात्र तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिने सांगितलेलं सगळं पाळलं होतं. रोज सकाळी बनावरची साखर खरवडायचं काम तिच्याकडेच होतं, आणि ती ते इतक्या इमानाने करी की बन टकला दिसायचा. आता इमानदारीचं हे बक्षीस. बरं, बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्यांना मिळायला हवं.

"आई," ती म्हणाली, "रात्री बाबांच्या दुधात काय घालता?"

"मी? काही नाही. शक्तीची पावडर घालते. औषधासारखीच असते ती."

"अहो, वर जाऊन तो डबा आणा," धाकटीने नवऱ्याला सांगितलं. "आणि येताना फळीवरचं बाबांचं जे जे असेल ते सगळं घेऊन या."

नवऱ्याने इकडे तिकडे पाहिलं. हे काम कोणाच्या बाजूचं आहे याचा अंदाज येईना, म्हणून तो निमूटपणे गेला. परत आला तेव्हा त्याच्या कवेत एक छोटंसं दुकान होतं. त्याने ते टेबलावर मांडलं. आईचा शक्तीचा डबा, ताईने आठवड्याच्या आठवड्याला पाठवलेले फळांच्या रसाचे खोके, जॅमची बाटली, आणि एका पुडक्यात बिस्किटं.

"ही कोणाची?" बाबांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

बिस्किटं दुसऱ्या कंपनीची होती. वेष्टनावर सडपातळ बाई धावत होती.

"मी आणतो," थोरला म्हणाला. "पचनाची आहेत. कोंड्याची. तुमच्याच तब्येतीसाठी."

"बेकरीवाल्याच्या घरात विकतची बिस्किटं."

"बाबा, विषय तो नाही."

"मी ती रोज खातोय, आणि मला वाटायचं आपलीच आहेत. म्हटलं पोराच्या हाताला चव आली." बाबांनी पुडकं दोन बोटांनी दूर सरकवलं. साखरेने डोळे जाणार हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं. हे त्यांना जिव्हारी लागलं.

"वाचा, डॉक्टर," धाकटी म्हणाली. "मला चष्मा नाही, आणि माझ्यावर कोणाचा विश्वासही नाही."

डॉक्टरांनी शक्तीचा डबा उजेडाकडे धरला. अक्षरं इतकी बारीक होती की लिहिणाऱ्यालाही ती वाचली जाऊ नयेत असंच वाटत असावं. "गव्हाचं पीठ, साखर," ते वाचायला लागले. "माल्टचा अर्क. ग्लुकोजचं सिरप."

"माल्ट म्हणजे काय हो?" आईने विचारलं.

"साखरच. निराळ्या नावाची."

"आणि ते सिरप?"

"तेही तेच."

"मग तीनदा कशाला लिहिलंय?"

"जे जास्त ते आधी लिहावं लागतं. एकत्र लिहिली तर ती पहिल्या नंबरावर येईल, आई. सुटी सुटी लिहिली की धान्याच्या मागे लपते."

आईने डबा हातात घेतला. त्यावर एक दणकट मुलगा दंडाची बेटकुळी दाखवत होता. "मी त्यांना दोन चमचे जास्तच घालत होते," ती म्हणाली. "चालताना दमतात म्हणून." आणि मग, बराच वेळ त्या मुलाकडे पाहून, "मेल्या," एवढंच म्हणाली. ती कधी कोणाला शिवी देत नसे.

रसाच्या खोक्यावर फळांचं चित्र मोठं होतं आणि आत फळ थोडं होतं. ताईने ते डॉक्टरांच्या हातून काढून घेतलं. "हे मी आणते," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला गोडवा एकाएकी आटला. "पण तुमच्या समोर आणते. आपल्या फ्रीजमध्ये असतं. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत."

"मला वाटलं मुलांसाठी आहे."

"म्हणजे मुलांना चालतं?"

डॉक्टरांनी परत चष्मा पुसायला घेतला. तो मघाशीच स्वच्छ झाला होता. ताईने आपली खुर्ची धाकटीच्या बाजूला ओढली. प्रेमाने नव्हे, नवऱ्यापासून लांब जायला तेवढीच जागा होती.

"मी साफ सांगितलं होतं," डॉक्टर आता तापले. "वरून घातलेली साखर बंद. याच्याहून सोप्या भाषेत कसं सांगायचं?"

"आणि आम्ही वरची बंद केली," थोरला म्हणाला. "बनावरची, टोस्टवरची. सुरी लावून."

डॉक्टर त्याच्याकडे पाहत राहिले. "वरची म्हणजे... पृष्ठभागावरची?"

"मग वरची म्हणजे कुठली?"

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी या घरात कोणाला सांगावी लागत नसे. बेकरीत साखर दोन प्रकारची. एक आतली आणि एक वरची. आतली पिठात पडते, ती कामाची. तिला कोणी साखर म्हणत नाही, जसं भट्टीतल्या सरपणाला कोणी फर्निचर म्हणत नाही. वरची ती खरी साखर. दाणेदार, दिसणारी, बोटाला लागणारी. आजोबांपासून हेच चालत आलेलं. त्यामुळे डॉक्टर फोनवर "वरून घातलेली" म्हणाले तेव्हा घरातल्या एकालाही शंका आली नाही. उलट, एवढा शिकलेला माणूस आपल्या धंद्याची भाषा बोलतो याचं सगळ्यांना कौतुक वाटलं.

"वरून म्हणजे जास्तीची," डॉक्टर एकेक शब्द सुटा करून म्हणाले. "फळात असते, दुधात असते, ती मुळातली. माणूस आपल्या हाताने जी घालतो ती वरून घातलेली. मग ती वर घाला, खाली घाला, नाहीतर डब्यात घालून झाकण लावा."

"मग बनात मुळात असते ती?" बाबांनी विचारलं.

"बनात मुळात साखर नसते, बाबा. बन झाडाला लागत नाही."

"आतली साखर यीस्टला असते," बाबा म्हणाले. धंद्याचा विषय निघाल्यावर ते ताठ बसले. "त्याचं खाणं आहे ते. यीस्ट खातं, मी नाही."

"सगळी खातं?"

बाबा विचारात पडले. कोणी विचारलंच, तर कामाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "सगळी नाही खात. उरते ती रंगाला लागते."

"आणि तो रंग कोण खातं?"

बाबांनी टेबलाच्या फटीतलं पीठ नखाने टोकरायला घेतलं.

"हा भाषेचा प्रश्न आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. "वैद्यकाचा नाही. माझी जबाबदारी नाही."

"पाय बाबांचे जाणार होते," ताई म्हणाली, "भाषेचे नाही."

धाकटीचा नवरा भट्टीपासून दोन पावलं पुढे आला. "चला," तो समेटाच्या सुरात म्हणाला, "गैरसमज झाला. संपलं."

"कोणाचा?" धाकटीने विचारलं.

"सगळ्यांचाच गं."

"गैरसमज सगळ्यांचा. आणि बंद फक्त माझं काउंटर होणार होतं." ती उठून उभी राहिली. तिच्या पांढऱ्या झालेल्या तळव्यांचे दोन ठसे टेबलावर कोरे उमटले होते. "आईंनी पावडर घातली, ताईंनी रस पाजला, भाऊजींनी तर परक्या घरची बिस्किटं आणली. मी दूध घातलं, ते मी कबूल करते. मग फ्रीज ठेवायचा तर आईंच्या स्वयंपाकघरात ठेवा. भाऊजींच्या गल्ल्याच्या जागी ठेवा. तिथली मापं का नाही घेतलीत?"

"तुला कोणी चोर म्हटलेलं नाही," आई हळूच म्हणाली.

"म्हटलं नाहीत. ठरवलंत. म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं."

थोरल्याने वर्तमानपत्राची घडी परत सरळ केली.

"अजून एक," धाकटी म्हणाली. थांबायचं ठिकाण मागे पडलं होतं हे तिला कळत होतं. "आपल्या बाबांची वरची खरवडली. समोरच्या शाळेतली पोरं रोज येतात. त्यांना आपण आतली आणि वरची दोन्ही विकतो, आणि वर भाऊजी म्हणतात, बन कसा सोनेरी आलाय बघा. एका माणसाच्या रक्तात साखर सापडली तर शटर ओढून चोर शोधायला बसलो. बाकीच्यांचं रक्त कोणी बघितलं?"

"तो धंदा आहे," थोरला म्हणाला.

"शक्तीच्या डब्यावाल्याचापण धंदाच आहे."

आईने हातातला डबा टेबलावर उलटा ठेवला. बेटकुळीवाला मुलगा डोक्यावर उभा राहिला.

बाबा सगळ्यांकडे एकेक करून पाहत होते. पुढ्यात मांडलेली ती सगळी माया, डबे आणि खोके आणि पुडकी. त्यातल्या प्रत्येकाने त्यांना जगवायची खटपट केली होती, आणि सगळ्यांनी मिळून जवळजवळ मारलं होतं. त्यांना राग आला असावा. पण तो नेमका कोणावर काढावा हे ठरेना, तेव्हा त्यांनी तो थोरल्यावर काढला, कारण तो मधोमध बसला होता.

"फ्रीज येणार नाही," ते म्हणाले. "काउंटर सूनबाईचं आहे आणि ते तिथेच राहील. यापुढे या टेबलावर कोणाचा न्याय करायचा असेल तर त्याला आधी विचारायचं. तोंडाने."

"बाबा, मी तुमच्या काळजीपोटीच..."

"माहितेय. कोंड्याची." बाबांनी पुडक्याकडे बघितलंही नाही. "आणि उद्यापासून बनाच्या पिठात साखर निम्मी."

थोरला उभाच राहिला. "रंग येणार नाही. गिऱ्हाईक तुटेल. आजोबांपासूनचा बन आहे."

"भट्टी थोडी जास्त वेळ ठेवीन. रंग येईल. नाही आला तर फिका बन खातील. बनाला लग्नाला उभं करायचं नाहीये."

"आणि सूनबाई, तो दुधाचा डबा..." आई म्हणाली.

"बंद करते," धाकटी म्हणाली. "ते मला कळतं. पण ते तुम्ही मला सांगितलंत म्हणून बंद होतंय, पकडलंत म्हणून नाही. एवढं लक्षात ठेवा."

कोणी माफी मागितली नाही. या घरात ती पद्धत नव्हती. ताईने जाताना रसाचे खोके परत नेले, आणि दारात नवऱ्याला म्हणाली की मुलांना आजपासून पाणी. थोरल्याने वर्तमानपत्र झटकलं, घडी घातली, बिस्किटांचं पुडकं त्यात गुंडाळलं आणि कोणाला दिसणार नाही अशा बेताने काखेत मारलं. सगळ्यांना दिसलं. नवरा धाकटीजवळ आला. "मी तुझ्याच बाजूचा होतो," तो म्हणाला. "कुठे उभे होतात?" तिने विचारलं, आणि शटर वर करायला गेली. बाहेर दोन गिऱ्हाइकं कॉफीसाठी ताटकळत होती.

सकाळी बाबा नेहमीसारखे काउंटरला कोपर टेकून बसले. तिने साध्या दुधाची कॉफी पुढे केली. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, कपात डोकावून पाहिलं.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"वाईट."

"मग?"

"मग काय. उद्यापण हीच दे."

पुढच्या तपासणीत बाबांची साखर उतरली. थोरल्याच्या मते ते उन्हाळा संपल्यामुळे झालं.